गोळी एकही चुकली नाही, तरी व्हायरल लोड १,८६०

वाचकाचं पत्र

मी ४१ वर्षांची. घणसोलीत राहते, ऐरोली-महापेच्या ऑफिसवाल्यांचे डबे करते. २०१७ पासून एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू आहे, २०२१ पासून टीएलडी ही तीन औषधांची मिळून एकच गोळी. उपचारांआधी बाहेर तपासलं तेव्हा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, ८५,००० होता. गेले चारही रिपोर्ट टीएनडी, म्हणजे विषाणू सापडलाच नाही असे, आले. यंदा गणपतीत सासूबाई गावाहून आल्या आणि इथेच राहिल्या. त्यांना माझ्या आजाराची कल्पना नाही. म्हणून रात्री दहाची गोळी मी पहाटे पाचला घेऊ लागले, आणि बाटली टाकून देऊन गोळ्या मेथीदाण्याच्या डब्यात ठेवल्या. त्याच सुमाराला हिमोग्लोबिन ९.२ आलं म्हणून फॅमिली डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, गुडघ्यांसाठी कॅल्शियम दिलं. सगळ्या गोळ्या पहाटे चहाबरोबर एकदम उरकते. छातीत जळजळलं की डायजीन घेते. परवा एआरटी सेंटरला रिपोर्ट मिळाला, १,८६०. एकही गोळी चुकलेली नाही, पण काउन्सेलर विश्वास ठेवतील असं वाटत नाही. औषध लागू पडेनासं झालं का? बाहेर पुन्हा तपासू का? मिस्टर निगेटिव्ह आहेत, तुर्भ्याच्या मार्केटला असतात, त्यांना सांगू का? डबे बंद करू का?

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण तोच तुम्हाला सर्वांत जास्त छळत असावा. डबे चालू ठेवा. एचआयव्ही अन्नातून, पाण्यातून, पोळी लाटणाऱ्या हातातून पसरत नाही. रिपोर्ट टीएनडी होता तेव्हा पसरत नव्हता, आज पसरत नाही, ८५,००० होता तेव्हाही पसरत नव्हता. भाजी चिरताना बोट कापलं तर धुऊन पट्टी लावायची, ती काळजी स्वयंपाकघरात सगळेच घेतात.

दुसरी गोष्ट उद्या पहाटेची. टीएलडी नेहमीच्या वेळी घ्या, पण एकटीच, पाण्याबरोबर. लोह, कॅल्शियम, डायजीन त्या वेळी काही नाही. "लागू पडत नाही तर घ्यायची कशाला" असा विचार करून गोळी बंद करू नका, आणि घाबरून दोन गोळ्याही घेऊ नका. सेंटरच्या हिरव्या पुस्तकात, म्हणजे तुमच्या उपचारांच्या वहीत, हेपटायटिस बी पॉझिटिव्ह अशी नोंद असेल तर गोळी बंद करणं आणखी धोक्याचं. टीएलडीतलं टेनोफोवीर आणि लॅमिव्ह्युडीन हे दोन्ही त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, आणि ते अचानक थांबलं की यकृताला जोराची सूज येऊ शकते.

आता आकड्याकडे. १,८६० म्हणजे रक्ताच्या एक मिलीलीटर प्लाझ्मात विषाणूच्या इतक्या कॉपीज सापडल्या. या तपासणीत एकाच माणसाच्या लागोपाठच्या दोन नमुन्यांतही दुपटी-तिपटीचा फरक पडू शकतो. तज्ज्ञ म्हणूनच लॉगमध्ये, म्हणजे दहाच्या पटींत मोजून, बोलतात. तुमचा आकडा ३.२७ लॉग. लॉगमध्ये ०.५ पेक्षा कमी बदल, म्हणजे साधारण तिपटीच्या आतला, आपण खरा बदल धरत नाही. पण टीएनडीवरून १,८६० ही वाढ त्या फरकात बसत नाही. बऱ्याच जणांना एखाद्या वेळी ८०, १२० असा आकडा येतो आणि पुढच्या वेळी पुन्हा टीएनडी. त्याला ब्लिप म्हणतात. शरीरात झोपी गेलेल्या काही सीडीफोर या रोगप्रतिकारक पेशींत विषाणू दडून असतो, त्यातल्या काही अधूनमधून जाग्या होतात. तापाच्या दिवसांत किंवा लस घेतल्यावरही थोडी उसळी दिसू शकते. नमुन्यामुळेही कधी गडबड होते: रक्त वेळेत फिरवून प्लाझ्मा वेगळा केला नाही, किंवा वेगळ्या प्रकारच्या नळीत पाठवलं, तर छोटे आकडे फुगून येतात. चार आकडी संख्येचं खापर फक्त तापावर किंवा नळीवर फोडणं मात्र आम्हाला पटत नाही. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात १,००० ही रेषा आहे. त्याच्या वर आकडा गेला की कारण शोधायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

उलट बाजूही बघा. ८५,००० च्या तुलनेत हा आकडा पंचेचाळीस पटींनी कमी आहे. गोळी पूर्ण बंद केली तर बहुतेकांचा विषाणू दोन ते चार आठवड्यांत उसळतो आणि हळूहळू जुन्या पातळीकडे जातो. तुमच्या शरीरात औषध पोहोचतंय, पण अपुरं पोहोचतंय, असं आम्हाला वाटतं. एका रिपोर्टवरून हे छातीठोक सांगता येणार नाही, पण तुमच्या पत्रात त्याचं कारणही लिहिलेलं आहे: "सगळ्या गोळ्या पहाटे चहाबरोबर एकदम."

टीएलडीत टेनोफोवीर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडीन ३०० आणि डोल्युटेग्रावीर ५० मिलिग्रॅम असतं. यातलं सर्वांत जोरकस औषध डोल्युटेग्रावीर. विषाणूचं इंटिग्रेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते विषाणूची जनुकं आपल्या पेशीच्या जनुकांत शिवून टाकतं. त्या एन्झाइमच्या खोबणीत मॅग्नेशियमचे कण असतात. डोल्युटेग्रावीर त्याच कणांना घट्ट धरतं आणि एन्झाइमचं काम बंद पाडतं. धातूला धरून ठेवणं हीच या औषधाची ताकद. पण पोटातही ते तेच करतं. समोर लोह आलं, कॅल्शियम आलं, अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमचं अँटासिड आलं, की त्यालाच चिकटतं, आणि चिकटलेलं औषध आतड्यातून रक्तात शिरत नाही, तसंच बाहेर पडतं. म्हणजे गोळी गिळलेली असते, मोजणीत एकही कमी नसते, आणि रक्तात मात्र निम्मंच औषध असतं.

हे किती होतं तेही मोजलेलं आहे. उपाशीपोटी कॅल्शियमबरोबर घेतलं तर रक्तात पोहोचणारं डोल्युटेग्रावीर सुमारे ३९ टक्क्यांनी घटतं. लोहाबरोबर सुमारे ५४ टक्क्यांनी. अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडबरोबर एकाच वेळी घेतलं तर सुमारे ७४ टक्क्यांनी. तुम्ही यातल्या दोन गोष्टी रोज आणि तिसरी अधूनमधून घेत होतात, तेही पोट रिकामं असताना. पोटभर जेवणाबरोबर घेतलं तर लोह आणि कॅल्शियमचा हा परिणाम जवळजवळ भरून निघतो, म्हणून काही डॉक्टर "जेवणाबरोबर सगळं एकत्र चालेल" असं सांगतात आणि ते चूक नाही. पण चहा आणि दोन खारी म्हणजे जेवण नव्हे. आणि ही सवलत फक्त लोह-कॅल्शियमला आहे, अँटासिडला नाही.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. टीएलडीच्या आधीचे सहा तास आणि नंतरचे दोन तास पोटात धातूची गोळी नको. तुमची वेळ पहाटे पाचची. म्हणजे रात्री अकरापासून सकाळी सातपर्यंत लोह, कॅल्शियम, अँटासिड बंद. गोळीची वेळ पुन्हा रात्रीवर न्यावी असं आम्हाला वाटत नाही. सासूबाई झोपलेल्या असताना पाचची वेळ तुम्हाला निवांत मिळते आणि गेले काही महिने ती पाळलीही गेली आहे. जे नीट चाललंय ते कशाला मोडायचं? बाकीच्या गोळ्या हलवा. लोहाची गोळी डबे गेल्यावर, दुपारी बाराच्या सुमाराला लिंबूपाण्याबरोबर घ्या. तिच्या आगेमागे तासभर चहा नको, नाहीतर लोहच अंगी लागत नाही. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर, नऊपर्यंत. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर कॅल्शियम लोहाला अडवतं, त्यामुळे लोहालाही हे अंतर फायद्याचंच. डायजीन, जेल्युसिल सकाळी सातनंतर आणि रात्री अकराच्या आत. रात्री जळजळ होऊन झोपमोड होत असेल तर डॉक्टरांना पँटोप्राझोलबद्दल विचारा. डोल्युटेग्रावीरला त्याची अडचण येत नाही.

औषधाच्या पाकिटावर नाव वेगळं असतं म्हणून फसगत होते. मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत झिंक, लोह, मॅग्नेशियम असतं. प्रोटीन पावडरच्या डब्यावर कॅल्शियम लिहिलेलं असतं. अल्सरसाठी दिलं जाणारं सुक्राल्फेट हे अ‍ॅल्युमिनियमचंच आहे. आणि जे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही ते म्हणजे आयुर्वेदिक औषधं: शंखभस्म, प्रवाळ म्हणजे कॅल्शियम, लोहासव आणि मंडूर म्हणजे लोह. गुडघ्यांसाठी किंवा पित्तासाठी सासूबाईंच्या डब्यातलं काही घेत असाल तर तेही याच नियमात बसवा. दूध, ताक, नाचणीची भाकरी याला मात्र काही बंधन नाही. ते मनसोक्त खा.

लोह बंद करू नका. ९.२ हिमोग्लोबिनवर पहाटे पाचपासून उभं राहून डबे करणं अंगावर येतं. ते का उतरलं हे डॉक्टरांना शोधायला सांगा. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, हा पहिला प्रश्न. हिमोग्लोबिन उतरवणारं एआरटीतलं औषध म्हणजे झिडोव्ह्युडीन, ते टीएलडीत नाही, त्यामुळे दोष या गोळीचा नाही.

आता मेथीदाण्याचा डबा. टीएलडी तिच्या मूळ बाटलीत, घट्ट झाकणात, ३० अंशांच्या खाली ठेवायची असते. बाटलीतली ती छोटी पुडी ओल शोषण्यासाठी असते. पावसाळ्यात नवी मुंबईची हवा, त्यात शेगडीवरच्या फळीवर वाफ, त्यात रोज उघडला जाणारा डबा. यामुळे औषध किती खराब झालं ते डोळ्यांनी कळत नाही. गोळ्यांवर डाग पडले असतील, कडा भुसभुशीत झाल्या असतील, एकमेकींना चिकटल्या असतील तर त्या सेंटरला दाखवा आणि बदलून मागा. पुढच्या वेळी बाटली ठेवा, फक्त लेबल पाण्यात भिजवून खरवडून काढा. ती कपाटात, साडीच्या घडीत ठेवा. खुळखुळू नये म्हणून आत घरचा कापूस घालू नका, त्याने ओल धरते. बाटलीला बाहेरून रुमाल गुंडाळा.

गोळ्यांची मोजणीही एकदा कराच, काउन्सेलरसाठी नव्हे तर स्वतःसाठी. शेवटच्या वेळी किती मिळाल्या, त्या दिवशी घरात किती होत्या, आज किती आहेत. ९० मिळाल्या आणि ९० दिवसांनी चार उरल्या तर चार दिवस निसटले, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपास. पहाटेच्या घाईत "घेतली की नाही" हा गोंधळ कुणाचाही होतो. चुकून राहिलीच तर आठवेल तेव्हा घ्या, मात्र पुढची चार तासांच्या आत असेल तर राहिलेली सोडून द्या. गोळीनंतर तासाभरात उलटी झाली तर दुसरी घ्या. तासानंतर झाली तर गरज नाही.

एक-दोन गोष्टी तुमच्या पत्रात नाहीत, पण विचारायलाच हव्यात. गेल्या काही महिन्यांत टीबीची औषधं सुरू झाली का? त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला डोल्युटेग्रावीर भराभर जाळायला लावतं. टीबीच्या उपचारात म्हणूनच टीएलडीनंतर बारा तासांनी डोल्युटेग्रावीर ५० ची जादा गोळी द्यावी लागते. बाहेरच्या डॉक्टरला एआरटी ठाऊक नसली की ही जादा गोळी राहून जाते. फिट्सच्या कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन या गोळ्यांचंही तसंच. औषध चालू नसलं तरी खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन घटणं यातलं काही असेल तर सेंटरला टीबीची तपासणी मागा. आणि पाळी चुकली असेल तर आजच टेस्ट करा. गरोदर असाल तर तीन महिने थांबायचं नाही, लगेच सेंटर गाठायचं, कारण बाळाच्या दृष्टीने प्रत्येक आठवडा मोलाचा आहे.

औषध लागू पडेनासं झालं का? बहुतेक नाही, पण ही शक्यता झटकून टाकण्यासारखीही नाही. तुमच्या जुन्या गोळीत एफाव्हिरेंझ असणार. त्याला हरवायला विषाणूला एकच बदल पुरायचा. ती भीती सेंटरच्या रांगेत अजून ऐकू येते. डोल्युटेग्रावीर त्या मानाने फार चिवट आहे, त्याविरुद्ध प्रतिकार सहजासहजी तयार होत नाही. पण औषध अर्धवट प्रमाणात आणि विषाणू जागा, ही स्थिती महिनोन्‌महिने राहिली की आधी लॅमिव्ह्युडीन निकामी होतं आणि मग पुढचं सुरू होतं. म्हणून चूक उद्याच सुधारायची, तीन महिन्यांनंतरच्या रिपोर्टची वाट बघायची नाही.

बाहेर लगेच तपासण्यात काही हजार रुपये जातील आणि आकडा बहुधा याच्याच आसपास येईल, कारण अजून काही बदललेलंच नाही. त्यात मशीन वेगळं, पद्धत वेगळी, मग तुलना अवघड. त्यापेक्षा सेंटरचा मार्ग धरा. ते दर महिन्याला काउन्सेलिंगला बोलावतील आणि तीन महिन्यांनी मोफत तपासतील. चांगली बातमी अशी की डोल्युटेग्रावीर पुरेसं पोहोचलं की विषाणू फार वेगाने खाली येतो. उपचार नव्याने सुरू करणाऱ्यांतही चार आठवड्यांत तो शंभर पटींच्या आसपास घटतो. म्हणजे तीन महिने पुरेसे आहेत. तेव्हा टीएनडी आला तर काहीही बदलायचं नाही. १५०-२०० आला तर गोळी तीच, पण वेळापत्रक पुन्हा तपासायचं आणि पुढची तपासणी लवकर मागायची. १,००० च्या वरच राहिला तर तुमची फाइल तज्ज्ञ समितीकडे जाईल आणि रेझिस्टन्सच्या तपासणीचा, म्हणजे विषाणू औषधाला दाद देतो का हे बघण्याचा, प्रश्न येईल. तेव्हा दोन गोष्टी विचारा. एक, तपासणीत इंटिग्रेजचा भाग आहे का, कारण नेहमीच्या तपासणीत तो नसतो आणि डोल्युटेग्रावीरचं उत्तर तिथेच असतं. दोन, रक्त गोळ्या चालू असतानाच द्या. गोळी थांबवली की प्रतिकारवाला विषाणू मागे पडतो, साधा पुढे येतो आणि रिपोर्ट खोटाच स्वच्छ दिसतो.

मिस्टरांना सांगा, आजच. टीएनडी असताना तुमच्याकडून त्यांना लागण होण्याचा धोका शून्य होता. १,००० च्या आतही तो नगण्यच. पण या आकड्याला तसं म्हणता येत नाही. पुन्हा टीएनडी येईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम. त्यांनी जवळच्या आयसीटीसीत, म्हणजे सरकारी एचआयव्ही तपासणी केंद्रात, आत्ता एकदा तपासावं आणि तीन महिन्यांनी परत, दोन्ही मोफत. गेल्या ७२ तासांत कंडोमशिवाय संबंध आला असेल तर आजच सेंटरच्या डॉक्टरांना सांगा, तेवढ्या वेळात सुरू केलं तर लागण रोखणारं औषध देता येतं. सासूबाईंना सांगणं न सांगणं तुमचं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, तुमच्या संमतीशिवाय सेंटरमधलं कुणी तुमची माहिती सासूबाईंना देऊ शकत नाही.

काउन्सेलर विश्वास ठेवतील का? "मी एकही चुकवली नाही" एवढंच म्हणालात तर त्यांच्याकडे पुढे विचारायला काही उरत नाही, कारण हे वाक्य त्या दिवसभर ऐकतात. पिशवी घेऊन जा. उरलेल्या टीएलडीच्या गोळ्या त्या डब्यासकट, लोहाचं पाकीट, कॅल्शियमचं, डायजीनचं, फॅमिली डॉक्टरांची चिठ्ठी, घरातल्या आयुर्वेदिक बाटल्या, हिरवं पुस्तक. टेबलावर मांडा आणि सांगा: "गणपतीपासून हे सगळं पहाटे पाचला, चहाबरोबर, एकत्र घेत होते." मेडिकल ऑफिसरांनाही हेच सांगा आणि लोह-कॅल्शियमच्या नव्या वेळा पुस्तकात लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुसरे डॉक्टर असले तरी त्यांना कळेल. फॅमिली डॉक्टरांना आजाराचं नाव सांगायचं नसेल तर "डोल्युटेग्रावीर चालू आहे" एवढी चिठ्ठी सेंटरकडून मागून ती दाखवता येते, अर्थात औषधावरून त्यांना अंदाज येईल हे गृहीत धरा. मध्येच काही अडलं तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर मराठीत विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही.

आज रात्री कॅल्शियम जेवणाबरोबर घ्या, आणि अकरानंतर जळजळलं तर डायजीनऐवजी उशी उंच करून पडा.